तारीख जाहीर करण्याआधी कामगारांच्या टोळ्या मोजा

माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,
सविनय नमस्कार.

अंधेरीचा गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 रोजी बंद झाला. एक बाजू 26 फेब्रुवारी 2024 ला खुली झाली, पूर्ण पूल 11 मे 2025 ला. मधे किती तारखा जाहीर झाल्या आणि हुकल्या, ते अंधेरीकरांना पाठ आहे. गर्डरचे, म्हणजे पुलाच्या पोलादी तुळयांचे, भाग अंबाल्याहून यायचे होते, ते उशिरा आले. रुळांवरचे काम रेल्वे ब्लॉक देईल, म्हणजे काही तास गाड्या थांबवेल, तेव्हाच करता येणार होते. अंधेरीत माणसे ताटकळली, पण काम अडले होते दुसरीकडेच.

मी बांधकामांची वेळापत्रके आखतो. साइट ऑफिसच्या भिंतीवरच्या बारचार्टवर (वेळापत्रकाच्या तक्त्यावर) पाइल कॅपचे, म्हणजे पायाच्या खांबांवरच्या ठोकळ्याचे, शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) आणि शेजारच्या नाल्याच्या स्लॅबचे शटरिंग एकाच आठवड्यात दाखवलेले असते. दोन्ही कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत, त्यामुळे कागदावर सगळे बरोबर दिसते. साइटवर मात्र सुताराची टोळी एकच. सोमवारी सकाळी मुकादम येऊन विचारतो, "साहेब, पोरं कुठं लावू?" दोनपैकी एक तारीख तिथेच गेलेली असते. आपल्यापर्यंत ती बातमी दोन महिन्यांनी पोहोचते.

रस्त्यांच्या काँक्रिटीकरणातही हेच घडते. एकाच कंत्राटदाराची माणसे आणि यंत्रे अनेक रस्त्यांवर विभागली जातात, सगळे रस्ते एकदम खोदले जातात आणि प्रत्येक रस्ता थोडा थोडा पुढे सरकतो. काँक्रीट ओतल्यावरही पुरती ताकद यायला साधारण 28 दिवस लागतात. पावसाळ्याआधीची 31 मेची मुदत जवळ आली म्हणून ते लवकर पिकत नाही. त्याऐवजी जितक्या टोळ्या, तितकेच रस्ते उघडावेत. एक पुरा झाला की पुढचा. खोदलेल्या रस्त्यांचा आकडा लहान दिसेल, पण लोकांच्या दारात खड्डा कमी दिवस राहील. जलवाहिन्या आणि केबल हलवणाऱ्या पथकांचाही हिशेब यात हवा, कारण बरेचदा कंत्राटदार तयार असतो आणि हे पथक दुसऱ्या वॉर्डात गुंतलेले असते.

राखीव दिवसांबद्दलही सांगायला हवे. दोष आपल्यावर येऊ नये म्हणून प्रत्येक जण आपापल्या कामात चार दिवस जास्तीचे धरतो आणि ते तिथेच वापरून टाकतो. हे दिवस काढून वेळापत्रकाच्या शेवटी एकत्र, उघडपणे ठेवावेत. दर आठवड्याच्या बैठकीत काम किती टक्के झाले याच्या जोडीला राखीव दिवसांतले किती खर्चले, हेही विचारावे. घसरण वेळेत कळेल आणि टोळी कुठे वळवायची ते ठरवता येईल.

माझी विनंती एवढीच: पावसाळ्यानंतर खोदकामाला परवानगी देण्याआधी कोणत्या कामाला कोणती टोळी, कोणते यंत्र, कोणत्या तारखांना आणि तीच टोळी आणखी कुठे बांधलेली आहे, ही यादी कंत्राटदाराकडून घ्या. पुलाच्या बाबतीत रेल्वेचा ब्लॉक आणि गर्डरचा पुरवठा लेखी ठरेपर्यंत तारीख जाहीर करू नका. ही यादी वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावलीत, तर आमच्यासारखे नियोजनातले लोक ती येऊन तपासतील आणि एकच टोळी दोन ठिकाणी दाखवलेली असेल तिथे लेखी हरकत नोंदवतील.

आपला,
एक नियोजन अभियंता, जोगेश्वरी