नारोघंटेचा निकाल

पंचवटी, नाशिक
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे मजेत आहेत. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि नारोघंटेच्या आपल्या जुन्या भांडणाबाबत तर पहिल्या वाक्यालाच 'बघ, मी काय म्हणत होतो' सुरू केलं असतंस. म्हणून कागद. शिवाय सोबत पेनड्राइव्ह पाठवायचाच होता.

काल धाकटा रहाडीत उड्या मारून नखशिखांत पिवळा होऊन घरी आला. त्याचे कपडे भिजवायला जुनी बादली हवी म्हणून माळ्यावर चढलो. आपला डीएक्स७, तो यामाहाचा जुना सिंथेसायझर, तिथेच आहे, अण्णांच्या ऑर्केस्ट्राच्या निळ्या पडद्यात गुंडाळलेला. २०१६ च्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आमच्या खालच्या खोलीतही पाणी शिरलं होतं. तेव्हापासून तो वर आहे आणि तेव्हापासून मुका आहे. पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात. आतली बॅटरी तर त्याआधीच गेली होती. ती बोर्डावर डाख देऊन बसवलेली, वेळीच बदलायला हवी होती, ते ना तू केलंस ना मी. बॅटरी गेली की आपण भरलेले आवाजही गेले, हे तुला सांगायला नको.

पण त्या पडद्याच्या घडीत एक सीडी सापडली. वर तुझं अक्षर: 'डीएक्स बॅकअप. हात लावू नये.'

आठवतंय? २००३ साली, बॅटरी शेवटचे आचके देत होती तेव्हा, तुझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरला, जॉयस्टिकच्या भोकात केबल खुपसून, आपण सगळी मेमरी उतरवून घेतली होती. मी म्हणालो होतो, कशाला उगीच, आता कोण वाजवणार आहे हे. तू ऐकलं नाहीस. हा तुझा पहिला विजय, नोंदवून ठेव. दुसरा पुढे येतो आहे.

सीडी वाचली जाईल अशी आशा नव्हती, पण वाचली. आत एकच फाइल, ४१०४ बाइट्सची. एक आवाज १२८ बाइट्सचा, असे ३२, आणि मागेपुढे थोडं टपालखर्चाचं. सकाळी सकाळी जे फुलांचे 'शुभ सकाळ' फोटो तू मला पाठवतोस ना, त्यातल्या एकात आपली अशी पन्नास कपाटं सहज मावतील. आणि या एवढ्याशा फाइलवर आपण आठ वर्षं लग्नं, गणपती आणि कालिदास कलामंदिरातले तिकिटाचे शो काढले.

आता माझ्याकडे मोडेक्स७ आहे, यामाहाचाच नवा सिंथेसायझर. हप्ते अजून चालू आहेत, घरी त्यावरून ऐकूनही घ्यावं लागतं. पण वजन साडेसात किलोसुद्धा नाही. डीएक्स७ चौदा किलोंचा होता, आणि तो तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चढवताना नेमकी तुझीच कंबर धरायची! मोडेक्समध्ये नमुना-आवाज तर आहेतच, पण एफएमचं, म्हणजे एका सुराने दुसरा हलवून आवाज घडवण्याचं, वेगळं इंजिन आहे: सहाऐवजी आठ ऑपरेटर (सूर काढणारे घटक), ३२ ऐवजी ८८ अल्गोरिदम (त्यांच्या जोडण्या). म्हणजे डीएक्स७ चा नातूच. आजोबांची भांडी नातवाच्या घरात मांडता येतात का, एवढंच बघायचं होतं.

येतात. यामाहाने इंटरनेटवर एक कन्व्हर्टर फुकट ठेवला आहे. जुनी फाइल द्यायची, नव्या पेटीला समजेल अशी फाइल परत मिळते, ती पेनड्राइव्हवर घ्यायची आणि मोडेक्सच्या मागे लावून लोड करायची. लिहायला दोन ओळी लागल्या, मला दुपार लागली. कारण तुझा मित्र गाढव आहे. फाइल युझर प्रकारची असली तर ती युझरच्या जागी जे काही आहे ते पुसून तिथे बसते. लायब्ररी प्रकारची असली तर शेजारी चटई टाकून निमूट बसते. मी घाईत पहिली केली. पेटीने विचारलंसुद्धा, खात्री आहे ना? मी हो म्हणालो. गेल्या दोन वर्षांत जमवलेली भजनसंध्येची आणि लग्नांची सगळी मांडणी एका क्षणात साफ. दिवाळीत एक बॅकअप घेतला होता म्हणून तोंड दाखवायला जागा राहिली. दिवाळीनंतरचं जे गेलं ते गेलं. तुझ्याकडे कधी वेळ आली तर माझं नाव घेऊन लायब्ररी निवड.

तर, आवाज.

पहिला लावला तो अर्थातच इलेक्ट्रिक पियानो. डीएक्सच्या मूळ पियानोवर तू थोडी कलाकुसर केली होतीस तो. तीन जोड्या, त्यातल्या एकीत वरचा ऑपरेटर चौदापटीवर, ज्यामुळे सुरुवातीला काचेवर नखाने टिचकी मारावी तसं वाजतं. वाजवला आणि हात थांबला. तोच होता, आणि तरी नव्हता. फार स्वच्छ. जणू कोणी आपल्या जुन्या घराला ऑइलपेंट दिला आहे.

थोडं डोकं चालवलं. डीएक्स७ चं ध्वनी बाहेर काढणारं यंत्र १२ बिटांचं होतं. सूर विरत जाताना शेवटी जी बारीक खरखर यायची, पांढऱ्या पंचावर इस्त्री फिरवल्यासारखी, ती त्याचीच. नव्यात ती नाही. दुसरं म्हणजे जुन्याला एकच तोंड होतं, मोनो, आणि आत ना रिव्हर्ब ना कोरस. आपण जो 'डीएक्सचा आवाज' म्हणायचो त्यात अर्धा वाटा अण्णांच्या एको मशीनचा आणि कलामंदिरातल्या रिकाम्या मागच्या रांगांचा होता. तिसरं, आणि हे मला आत्ता कळलं: डीएक्स७ ची पट्टी कितीही जोरात हाणली तरी वेलोसिटी, म्हणजे पट्टीवरच्या जोराचा आकडा, कमाल १२७ पर्यंत पोचायचीच नाही. नवीन पट्टी सहज पोचते. त्यामुळे तुझे सगळे आवाज नव्या पेटीवर जास्त कर्कश, जास्त रागावलेले वाटतात. वेलोसिटीची कमान जरा वाकवली, सगळे इफेक्ट बंद केले, डावी-उजवी बाजू एकत्र केली. आता एकोणीस-वीसचा फरक उरला आहे. तो राहू दे. नातवाचा चेहरा आजोबांसारखा असतो, तोच नसतो.

एक गंमत मात्र लक्षात आली. डीएक्स७ एका वेळी सोळाच सूर धरायचा. पेडल दाबून घंटा-बिंटा वाजवताना सतराव्या सुरासाठी आधीचा एखादा गुपचूप कापला जायचा, आणि आपण शिव्या द्यायचो. इथे एफएमचे चौसष्ट सूर आहेत. काहीच कापलं जात नाही. मग झालं काय, सगळ्या घंटा एकमेकींच्या अंगावर पडून नुसता कल्ला. ती सोळाची मर्यादा आपल्यासाठी माळीकाम करत होती रे, बसल्याजागी छाटणी. आता ती मला पायाने करावी लागते.

आणि घंटा निघालीच आहे, तर मुद्द्यावर येतो.

नारोघंटा.

बँकेत, म्हणजे त्या ३२ आवाजांत, बाविसाव्या नंबरवर आहे. डीएक्सच्या पडद्यावर नावाला दहाच अक्षरं मिळायची आणि रोमन लिपीत 'नारोघंटा' मोजून दहा भरतात, म्हणून तू (की मी?) नाचला होतास. नारोशंकराच्या देवळाबाहेरची ती प्रचंड घंटा, १७३९ च्या वसईच्या विजयाची खूण. ती आपण दोघांनीही कधी वाजताना ऐकलेली नाही, आणि तरी तिचं नाव देऊन अख्ख्या नाशिकला आठ वर्षं गंडवलं! पडदा उघडायच्या आधी अंधारात तो एक टोल पडायचा आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडायच्या.

ती कोणी बनवली, यावरून आपण १९९४ पासून भांडतो आहोत. तुझ्या लग्नात भांडलो, अण्णांच्या तेराव्याला भांडलो. माझं म्हणणं, रात्री तीनपर्यंत जागून मी केली. तुझं म्हणणं, तू केलीस आणि मी झोपलो होतो.

काल लॅपटॉपवर डेक्सेड टाकलं. डीएक्स७ ची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट. त्यात आपली मूळ फाइल उघडली की सगळे आकडे समोर येतात, तेव्हा दोन ओळींच्या पडद्यावर एकेक करून बघायला लागायचे ते एकदम. आणि बाळ्या, आकड्यांना हस्ताक्षर असतं. मी पेटीवाला. दोन सुरांच्या ओळी किंचित सरकवून त्यांची लहर काढायची, हे माझ्या हाडात. म्हणून माझ्या प्रत्येक आवाजात डीट्यून अधिक तीन, उणे तीन. प्रत्येकात! बघूनच लाज वाटली. आणि हात हलका, म्हणून वेलोसिटीची संवेदना पाचच्या खाली नाही. तू ढोलकीवरून आलेला, तुझी थाप पट्टीवरही थापच. म्हणून तुझ्या आवाजांत ती एक नाहीतर दोन.

नारोघंटेत ती एक आहे.

तरी मी मान्य केलं नसतं. म्हटलं, तुला वाजवायला सोपं जावं म्हणून मीच कमी केली असेल. मग सहावा ऑपरेटर पाहिला. दोन जोड्या नेहमीच्या, एकास साडेतीन, कोणतीही घंटा तशीच बनते. तिसऱ्या जोडीत मात्र सहावा ऑपरेटर पटीवर नाहीच. फिक्स. १.५१४ हर्ट्झ. कोणतीही पट्टी दाबा, तो आपला सेकंदाला दीड वेळा शांतपणे खालच्या सुराला हलवत राहतो, आणि तो सूर बाकीच्या दोघांवर घासून ती लहर उठते. टोल पडून गेल्यावर जी 'वँव... वँव...' अशी येते, ज्यासाठी म्हाताऱ्या हात जोडायच्या, ती.

मला १९९४ साली फिक्स म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. ते बटण दाबलं की आवाज बिघडतो एवढंच माहीत होतं.

तू तेव्हा म्हणायचास, हे एफएम वगैरे काही नाही, हे गमक आहे, फक्त इतकं जलद की कान मोजायचं सोडून देतो. मी हसायचो. नंतर वाचलं की १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंगला हे सापडलं ते अगदी असंच. सूर हलवायचा वेग तो वाढवत गेला, वाढवत गेला, आणि एका जागी ते हलणं ऐकू येईनासं होऊन आवाजाचा रंगच बदलला. त्यावर यामाहाने १९८३ मध्ये डीएक्स७ काढला. तू त्याचाच खेळ उलटा केलास. वेग इतका कमी केलास की गमक परत गमक झालं.

मग मी रात्री तीनपर्यंत काय केलं? तेही सापडलं. एकोणिसाव्या नंबरवर, नाव नुसतं 'घंटा'. डीट्यून अधिक तीन, उणे तीन, वेलोसिटी सहा. वाजवून बघितली. स्टीलच्या ताटलीवर चमचा आपटावा तशी. म्हणजे मी जागलो होतो हे खरं, बनवली होती हेही खरं. फक्त ही.

पैज पाच मिसळींची होती, व्याज धरत नाही. पापड, दही आणि जास्तीचा रस्सा माझ्याकडून. पण खायला इथे यायचं, मी पार्सल करणार नाही.

पेनड्राइव्हवर तीन गोष्टी आहेत: मूळ फाइल, मोडेक्सची (लायब्ररीवाली, घाबरू नकोस), आणि नारोघंटेचं मी केलेलं रेकॉर्डिंग, इफेक्ट न लावता. पुतण्याला सांग, चांगल्या हेडफोनवर लावून दे म्हणावं. मोबाइलच्या स्पीकरवर ती लहर ऐकू येत नाही आणि मग तू मलाच बोलशील.

आणखी एक. एकतिसावा नंबर. नाव 'वासंती ३'. सहाही ऑपरेटर शून्यावर, आवाजच नाही, पण एन्व्हलपचे, म्हणजे आवाज चढण्या-विरण्याचे, आकडे फार निगुतीने भरलेले आहेत. डीट्यून कुठेच नाही, म्हणजे माझा नाही. एक आणि दोन बँकेत नाहीत. वहिनींचं नाव तर वासंती नाही. हे काय होतं रे? वहिनींनी पत्र वाचायच्या आत कळव.

तुझा,
पेटीवाला