चिनू, रिपोर्ट वाचला

प्रिय चिनू,

सोनोग्राफीचा रिपोर्ट मिळाला. माझ्यासारखाच तुलाही पॉलिसिस्टिक किडनीचा आजार, मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या गाठी, म्हणजे सिस्ट. खाली तू लिहिलंस, 'क्रिएटिनिन नॉर्मल आहे, काळजी करू नकोस.' बरं, नाही करत. पण बीपी मोजलंस का?

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो कचरा, त्याच्या आकड्यावर विसंबू नकोस. सिस्ट वाढत असताना उरलेले नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या, जास्तीचं काम ओढतात, म्हणून तो आकडा वर्षानुवर्षं चांगला दिसतो. बीपी त्याच्या कितीतरी आधी चढतं. फुगलेल्या सिस्टखाली बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त कमी पडतंय असं समजून मूत्रपिंड रेनिन नावाचं रसायन सोडतं आणि दाब वाढतो. माझ्या वडिलांचं, आप्पांचं, बीपी तुझ्या वयात कुणी मोजलंच नाही. शेताच्या बांधावरून ताठ चालत यायचे, कोण म्हणेल आजारी आहेत? असो.

'दादाला नाही, मग मलाच का?' असं विचारलंस. माझ्याकडे पीकेडी 1 या जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली आहे. प्रत्येक मुलाच्या वेळी शक्यता नव्याने 50 टक्के. दादा सुटला म्हणून तू सापडलीस, असं नाही गं. या जनुकापासून पॉलिसिस्टिन 1 हे प्रथिन बनतं. मूत्रपिंडातल्या नलिकेच्या पेशीवर केसासारखा एक तंतू असतो, सिलियम. तिथे ते पॉलिसिस्टिन 2 च्या जोडीने काम करतं. तुझ्या प्रत्येक पेशीत चांगली प्रत एकच आहे. एखाद्या पेशीत तीही बिघडली की आतलं कॅल्शियम घटतं, सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पेशी विभागत राहते आणि आत पाणी सोडते. तीच सिस्ट.

जनुकाची तपासणी करणार असशील तर लॅबला आधी विचार: पीकेडी 1 शी जुळणारे सहा निकामी जनुक त्याच 16 व्या गुणसूत्रावर आहेत, त्यांचा घोळ टाळण्याची सोय आहे ना? प्रथिन अर्धवटच बनू देणारं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बिघाड, निघाला तर आजार साधारणपणे लवकर पुढे सरकतो. एमआरआयवर मूत्रपिंडांचं आकारमान मोजून, वय आणि उंचीशी ताडून, वेग किती याचा अंदाज बांधतात. टॉल्वाप्टान हे सिस्टची वाढ मंदावणारं औषध द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं, सगळ्यांना ते लागत नाही.

शरीरात पाणी राखणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सीएएमपी वाढवतं, टॉल्वाप्टान पेशीवरचा त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याची चिकटायची जागा, अडवतं. सिस्ट जात नाहीत, वाढ मंदावते: 2012 च्या मोठ्या चाचणीत मूत्रपिंडं वर्षाला 5.5 ऐवजी 2.8 टक्क्यांनी वाढली. सुरुवात सकाळी 45 आणि आठ तासांनी 15 मिलिग्रॅम. लघवी दिवसाला पाच-सहा लिटरही होते, रात्री उठावं लागतं. उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात ठरत नसेल, तर त्या दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना फोन. यकृताला इजा होऊ शकते, म्हणून दोन आणि चार आठवड्यांनी, मग 18 महिने दरमहा, पुढे दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी. एकही चुकवायची नाही! मायक्रोआरएनए 17 या जनुकांचं काम दाबणाऱ्या छोट्या रेणूला अडवणाऱ्या औषधाच्या चाचण्या चालू आहेत, त्यावर माझी आशा आहे.

पुन्हा शिकवणी सुरू झाली, माफ कर. तू मोठी आहेस, मला न सांगता एकटी तपासणीला गेलीस, त्याचा अभिमानच वाटतो. फक्त पाठ दुखली की आयबुप्रोफेन घेतेस ते बंद कर, पॅरासिटामॉल चालेल. मुलाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांग. टॉल्वाप्टान आणि बीपीच्या 'प्रिल', 'सार्टन' गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

आणि बीपी. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. दंड हृदयाच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. सकाळ-संध्याकाळ, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढ. तुझ्या वयाला, मूत्रपिंड चांगलं असताना, चक्कर येत नसेल तर 110/75 पर्यंत खाली ठेवलेलं फायद्याचं ठरतं.

माझ्या आत्याच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुगली होती, ते डॉक्टरांना सांगितलंस का? घरात तसं झालेलं असेल तर मेंदूचा एमआर अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय, करतात. कधी अचानक, पूर्वी कधी झाली नाही अशी डोकेदुखी झाली तर मला फोन करण्यात वेळ घालवू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

रविवारपासून मोजायला लाग. सगळे आकडे पाठव, वाढलेलेसुद्धा.

तुझी,
आई