पाळीपाळीने सुट्टी

प्रिय पक्या,

दिवाळीत कुठे गेलास म्हणून तुझा मेसेज आला होता, दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून आता निवांत लिहितोय. मी कुठेच गेलो नाही, जुन्नरहून मामाचं घर आलं होतं आमच्या परळच्या खोलीवर. म्हणजे अख्खं घर एकदम नाही रे, तेच तर सांगायचंय.

आपल्याला दिवाळीची सुट्टी, झेंडूवाल्याचा तोच सीझन. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री मामा टेम्पोत झेंडू भरून ओतूर, माळशेज, कल्याण करत पहाटे दादरला, फुटपाथवर बसून माल विकला, आमच्याकडे आंघोळ केली, चहा घेतला आणि लगेच उलटा, कारण संध्याकाळची धार. त्यांची सुट्टी लागली भाऊबीज उरकल्यावर आणि तीपण पाळीपाळीने. आधी मामी आणि पोरं एसटीने आली, मामा-आज्जी गोठ्यावर. मग मामी परत गेली, मामा आला. दोघं एकत्र काही नाहीच.

मामीने आल्या आल्या फ्रिजमधली दुधाची पिशवी उलटसुलट करून वाचली. टोन्ड, फॅट 3 टक्के. "आमच्या गाईला साडेतीनच्या खाली फॅट लागलं की डेअरीवाला पैसे कापतो, आणि तुम्ही हे तीनवालं पैसे देऊन घेता व्हय?" काय उत्तर देणार सांग. मग तिने त्या दुधाचा चहा केला आणि अर्धा कप तसाच ठेवला.

पोरांना राणीबागेतले पेंग्विन बघायचे होते. बुधवारी बंद असतं म्हणून गुरुवारी गेलो. काचेमागे एसी लावून ठेवलेले ते पक्षी बघून धाकटा म्हणतो, आपल्या गोठ्यात साधा पंखा पण नाही. बिबट्याकडे चला म्हणलं तर मामी जागची हलेना. बरोबरच आहे, जुन्नरच्या बाईला बिबट्या काय दाखवायचा, घरामागच्या उसातच असतो तो. त्यात त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला मामा एकटा. म्हणजे आम्ही गिरगाव चौपाटीला भेळ खातोय आणि ही फोनवर, बॅटरी घेतली का, काठी घेतली का, सोबत कोणाला तरी न्या. समुद्राकडे तिने नीट बघितलं की नाही देव जाणे. पोरं मात्र कमरेपर्यंत भिजली.

मामा आला त्याची तर वेगळीच तऱ्हा. गेटवे नको, हाजीअली नको, म्हणे वाशी मार्केटला चल. इतकी वर्षं टोमॅटो पाठवतोय, पण हातात येते ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन. माल उतरतो ती जागाच बघितली नव्हती. आज्जोबांचा माल भायखळ्याला यायचा, 96 साली भाजीचं घाऊक मार्केट वाशीला गेलं. तर सुट्टीच्या दिवशी पहाटे आम्ही तिथे, मी जांभया देतोय आणि हा गाळ्या-गाळ्यावर क्रेटमधला टोमॅटो दाबून बघतोय, हमालाशी गप्पा, आडत्याकडे चहा, खूश एकदम! घरी येताना नाक्यावरच्या भाजीवाल्याला किलोचा भाव विचारला आणि नंतर लोकलमध्ये दादर येईपर्यंत गप्प. मी पण काही विचारलं नाही.

जाताना मामी आणि मामा दोघंही आपापल्या वेळी एकच बोलून गेले, की एकदा जोडीने कोकणात जायचंय, गणपतीपुळ्याला. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील त्यांच्या.

म्हणून डोक्यात आलंय की मे महिन्यात आपण दोघं जुन्नरला जाऊ आणि ह्यांना पाठवू. आज्जी आहे पण तिच्या गुडघ्याने आता सगळं होत नाही. चारा-पाणी, शेण मी बघतो, धार मला जमत नाही, तुला येते. पहाटे पाचला उठावं लागेल, आधीच सांगतोय, नंतर कुरकुर नको. ऑफिसात रजा टाक आणि तारीख कळव म्हणजे मी मामाला बुकिंग करायला सांगतो.

तुझाच,
बंड्या