वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत जाऊन आलो

कोल्हापूर,
मे महिन्याचा शेवटचा रविवार

प्रिय सुन्या,

आधीच सांगतो, रागावू नकोस. तुला न कळवता वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे कोकणच्या समुद्रातले ते पक्ष्यांचे खडक, बघून आलो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर एका दुर्बिणीत आळीपाळीनं डोळे खुपसत आपण ज्याच्या बाता मारायचो, तेच. तू नाशकाला गेलास, मी दुकानात अडकलो आणि बेत वीस वर्षं कट्ट्यावरच बसून राहिला. यंदा परीक्षा संपल्यापासून मनूनं डोकं खाल्लं, "बाबा, कधी?" तुला फोन करायचं मनात आलं होतं, पण तू 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाला असतास. पुढच्या महिन्यात समुद्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

शुक्रवारी पाचलाच शटर ओढलं. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कुडाळ करत रात्री साडेदहाला निवतीत. आईनं भाकरी, खर्डा, दही असा डबा दिला होता. कोकणात मासे सोडून खर्डा खाणारे आम्ही दोघंच असू. उकाडा असा की अंगावरचा शर्ट पिळून घ्यावा. आपल्याकडं वळीव दोनदा होऊन गेलाय, तिकडं नुसतं आभाळ भरून येत होतं.

पहाटे मागच्या काजूच्या बागेतनं शीळ आली. दोन सुरांची, पहिला चढता, दुसरा उतरता. नवरंग! हा पक्षी पावसाच्या जरा आधी विणीला येतो हे आपण वाचलं होतं, पण आवाज ऐकून मी अंथरुणातनं उठून बसलो. दिसला नाही. पालापाचोळ्यात कुठंतरी उड्या मारत असणार. मनूला उठवलं तर म्हणाली, "कोणतरी मित्राला हाक मारतंय."

सहाला होडी निघाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि पर्यटकांच्या होड्या त्याच्याही आधी वर ओढतात. म्हणजे आम्ही शेवटच्या एस्टीच्या दारात लोंबकळून गेलो म्हण. भूगोलात पाठ केलेला मतलई वारा पाठीवर होता तोवर बरं चाललं होतं. मग लाटा आडव्या यायला लागल्या आणि अर्ध्या वाटेत मी दर्याला कालच्या खर्ड्याचा नैवेद्य दाखवला. मनू आवळासुपारी चघळत डॉल्फिन मोजत होती. तिचा आकडा चौदा, होडीवाल्या तांडेलाचा सहा. मी त्या वेळी फक्त होडीची कड बघत होतो, त्यामुळं माझं मत धरू नकोस.

समुद्री गरुड मात्र मी स्वतः बघितला. पांढरं पोट, राखाडी पाठ, आखूड पाचरीसारखी शेपटी. पंख वर उचलून व्हीच्या आकारात तरंगत आला, आणि पंजात काहीतरी दोरीसारखं लोंबत होतं. समुद्रसाप! तांडेलाला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याचं घरटं वर्षानुवर्षं किनाऱ्यावरच्या एकाच उंच झाडावर असतं आणि खाली सापांचे काटे सापडतात, म्हणाला.

मग खडक. पंधरा-वीस असतील, लहान-मोठे, एकावर दीपगृह. लांबून वाटतं कुणी चुना फासलाय. जवळ गेल्यावर वासानं कळतं चुना कसला आहे ते. आणि गलका! गणपतीत महाद्वार रोडला असतो तसला. तुझी ती झेरॉक्स आठवते? पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी १९४० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात याच खडकांवरच्या सुरय पक्ष्यांबद्दल आणि पाकोळ्यांबद्दल लिहिलं होतं. त्यांच्याही आधी ह्यूम येऊन गेलेला, काँग्रेसवाला ह्यूम, १८७५च्या सुमारास. मी ती झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. कशाला, ते विचारू नकोस.

दोन तऱ्हेचे सुरय ओळखले. मोठा तुरेवाला, पिवळ्या चोचीचा, डोक्यावर झोपेतनं उठल्यासारखा काळा तुरा, उघड्या खडकावर खेटून बसणारा. दुसरा ब्रायडल्ड टर्न. पाठ काळपट तपकिरी, आणि कपाळाची पांढरी रेघ डोळ्याच्या मागंपर्यंत गेलेली. त्या रेघेवरूनच ओळखायचा. हा लाजाळू, कपारीत नाहीतर दगडाच्या आडोशाला एकच अंडं घालतो.

पाकोळ्या एका गुहेच्या तोंडाशी वर-खाली करत होत्या, मिसरीच्या चिमटीएवढ्या. आत काळोखात त्या टकटक असा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात, वटवाघळासारख्या, फक्त हा आवाज आपल्या कानांना ऐकू येतो. आम्हाला आला नाही, लाटांची गाज फार होती. घरटं लाळेचं. चीनमध्ये सूप करायला त्याला सोन्याचा भाव, म्हणून इथनं घरटी चोरून नेत होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी ते थांबवायला इथं काम केलं. वेळासच्या कासवांचं काम करणारे तेच लोक.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते.

एका उतरत्या कड्यावर, लाटेनं होडी वर उचलली की बरोबर दुर्बिणीच्या पातळीला, एक तुरेवाला उभा होता. बसला नव्हता, उभा होता. पंख किंचित सोडलेले, चोच उघडी, गळा थडथडत होता. पायात अंडं, मळकट पांढरं, त्यावर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. साडेनऊचं ऊन होतं, आणि तो आपली सावली अंड्यावर धरून उभा होता. ऊन सरकेल तसा एक पाय उचलून जरासा वळायचा. कळंब्याच्या कोरड्या काठावरची टिटवी आठवली. पोट पाण्यात भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी गार करायची. तू म्हणाला होतास, ही बाई घागरीशिवाय पाणी भरते.

तांडेल म्हणाला, "हयसूनच बघा. फुडे नुको जावक, पाखरां उठतली."

पण मला फोटो पाहिजे होता, लगा. लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत. म्हटलं, मामा, थोडंसं. अजून एवढंसं. गिऱ्हाईक म्हणून त्यानं ऐकलं, तोंड वाकडं करून. इंजिनाचा आवाज खडकावर आपटून परत आला आणि अख्खा कडा उडाला. डोक्यावर किंचाळणारं पांढरं छप्पर झालं, वरनं टपाटपा पडायला लागलं. माझं बोट बटणावरच होतं.

मामानं काही न बोलता होडी मागं घेतली. बरीच मागं. मनूनं माझ्या मनगटावरचं घड्याळ बघून ठेवलं होतं. बाकीचे तीन-चार मिनिटांत उतरले. आमचा तो घिरट्या घालत राहिला. नऊ मिनिटं. तो दगड तव्यासारखा तापला असणार. मग उतरला, चोचीनं अंडं जरा हलवलं आणि पुन्हा तसाच उभा राहिला. आतलं पिल्लू जगलं का उकडलं, ते बाहेरनं कळत नाही.

परतीला मनू माझ्याशी बोलली नाही. किनाऱ्यावर मामाला ठरल्यापेक्षा दोनशे जास्त द्यायला गेलो, त्यानं घेतले नाहीत. "फुडल्या वर्साक येवा," एवढंच म्हणाला.

दाजीपूरजवळ रात्री रस्त्यात गवा आडवा. हेडलाइटमध्ये पायातले पांढरे मोजे आधी दिसले, मग वरचं धूड. गाडी बंद करून, दिवे मंद करून बसलो. मनू कुजबुजली, "हॉर्न नाही हं वाजवायचा." नाही वाजवला. पंधरा मिनिटांनी गेला तो.

पुढच्या मे महिन्यात तुला यायचंय. सुट्टी आत्ताच टाकून ठेव. दुर्बिणीच्या डाव्या भिंगाचं झाकण तुझ्याकडं आहे, बावीस वर्षं झाली, ते घेऊन ये.

बाकीचे फोटो मोबाईलवर धाडतो. तो एक धाडत नाही. हलला नाही, एकदम स्वच्छ आलाय. त्यात पक्षी नाही, नुसता खडक आणि अंडं. आलास की दाखवेन.

तुझा,
बंड्या