हुंकारा

फलोदी, राजस्थान,
१२ फेब्रुवारी

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तिथे तुझं आहे तरी कोण?" आणि मी तोंड उघडायच्या आत रेंज गेली. बरंच झालं. नाहीतर "अगं, चांगली आहेत सगळी" असलं काहीतरी मी पुटपुटले असते आणि तू लगेच बाबांना फोन केला असतास, की आईचं काही खरं नाही. म्हणून हे पत्र.

मी इथे माणसं शोधायला आलेच नव्हते. कादंबरी दोन वर्षं सातव्या प्रकरणात रुतून बसली होती. घरी लिहायला बसलं की बेल वाजते, बेल नाही वाजली तर कुकर वाजतो. वाटलं, तीन-चार महिने अशा ठिकाणी जावं जिथे कुत्रं विचारणार नाही. वाळवंट म्हणजे एकांत, असं डोक्यात. पहिल्याच संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीने माझं गाव, जात, मुलं किती आणि नवऱ्याला कोणाच्या भरवशावर टाकून आले, एवढं विचारून घेतलं होतं. एकांताचा विषय तिथेच संपला.

पहिले पंधरा दिवस एक ओळ झाली नाही. सकाळी जवळच्या खीचनला जाऊन कुरजां बघायचे. मंगोलिया, मध्य आशियाकडून हिवाळ्यात येणारे हे राखाडी करकोचे, हजारोंनी. गावकरी त्यांच्यासाठी चुग्गाघरात धान्य टाकतात. थव्यानं उतरताना असा गलका करतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. इथल्या गाण्यांत परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप धाडायचा तो कुरजांकडेच. मी ते सगळं वहीत टिपून ठेवलं, पर्यटक टिपतात तसं. त्याचं पुढे काही झालं नाही.

मग कानावर ळ पडायला लागला. हिंदीवाल्यांना जो जन्मात जमत नाही तो आपला ळ, मारवाडीत जागोजागी! पण फसवा हं. "बादळ" ऐकून मी गच्चीवरचे कपडे काढायला धावले, तर बादळ म्हणजे नुसता ढग. आणि "काळ" म्हणजे दुष्काळ. घरमालकिणीच्या सासूबाई, त्यांना सगळे माजीसा म्हणतात, एकदा म्हणाल्या, "काळात माझं लग्न झालं." मी मान डोलावली. कुठल्या काळात, हे त्या पुढे सांगतील म्हणून वाट बघत बसले. त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं.

या माजीसांबद्दलच तुला लिहायचंय. रात्री जेवणं झाली की चौकात गोधड्या घेऊन बायका बसतात. थंडी कडाक्याची असते. २०१६ च्या मे महिन्यात ५१ अंशांवर गेलेलं हेच ते फलोदी, यावर आत्ता विश्वास बसत नाही. माजीसा बात सांगतात. बात म्हणजे गोष्ट, पण त्यांनी एकटीनं सांगायची नाही. कोणीतरी एकानं प्रत्येक वाक्यामागे "हूं" म्हणायचं. तो हुंकारा. म्हणच आहे त्यांची, "बात में हुंकारो, फौज में नगारो." बहुतेक वेळा हुंकारा धाकटी सून देते. दिवसभर घुंघटाआड असलेल्या या मुलीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. आणि तिच्या "हूं"चे प्रकार तरी किती! घाईचा, घाबरलेला, "पुरे झालं, पुढे चला" म्हणणारा. ती डुलकी घेते तेव्हा माजीसा वाक्य अर्ध्यात सोडून गप्प बसतात. ऐकणारं नाही तर सांगायचं कोणाला?

आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला बारा जण जमतो, तुला ठाऊकच आहे. प्रत्येक जण आपली पाळी कधी येते याची वाट बघत दुसऱ्याचं ऐकतो. शेवटी "छान, वेगळा प्रयोग आहे" म्हणतो आणि चहा घेतो. मीही त्यातलीच.

डिसेंबरात एकदा माजीसा म्हणाल्या, "बाईसा, रोज कागद काळे करता, आज तुम्ही सांगा." मी माझ्या मोडक्या हिंदीत ते सातवं प्रकरण सांगायला घेतलं. नायिका पहाटे घर सोडून निघते तो प्रसंग. हुंकारा स्वतः माजीसा देत होत्या. चांगलं चाललं होतं. ती उठते, हूं. दिवा लावत नाही, हूं. उंबऱ्याशी थांबते, हूं. तिथून पुढे मी तिच्या मनातलं सांगायला लागले. ती का चालली आहे, तिला कशाकशाचा वीट आलाय, स्वातंत्र्य म्हणजे काय वगैरे. पाच वाक्यांनंतर लक्षात आलं, हुंकारा थांबलाय. बघते तर त्या जाग्याच होत्या. माझ्याकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "निघाली तेव्हा घागर भरलेली होती का रिकामी?"

मला माहीतच नव्हतं गं. दोन वर्षं त्या बाईबरोबर काढली आणि तिच्या घागरीत पाणी होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं.

इथे हा प्रश्न आधी येणारच. चौकाखाली टांकं आहे, पावसाचं पाणी साठवायचा हौद. त्या पाण्याला पालर पाणी म्हणतात. नळाला कालव्याचं पाणी येतं, पण माजीसांची डाळ पालर पाण्यातच शिजते. भरून ठेवून गेली तर ती रागावून गेलेली नाही, मागच्यांची काळजी घेऊन गेली. रिकामी ठेवून गेली तर ते पत्र लिहून ठेवल्यासारखंच. मी वर खोलीत गेले आणि चौदा पानं काढून टाकली. त्यांच्या जागी तीन ओळी आहेत आता. (ती घागर भरते. अर्धीच.)

दुसरे आहेत ते माडसाब. निवृत्त शिक्षक, सायकलवरून येतात, पुस्तकं उसनी देतात आणि परत मागायला आठवड्याच्या आत दारात उभे. त्यांनी मला राजस्थानी कथाकार विजयदान देथांचं वेड लावलं. सगळे त्यांना बिज्जी म्हणतात. 'पहेली' पाहिला होतास ना, नव्या नवरीच्या प्रेमात पडणाऱ्या भुताचा, २००५ चा? ती गोष्ट त्यांची. मणि कौलांनी तिच्यावरच १९७३ मध्ये 'दुविधा' केला होता. १९२६ मध्ये बोरुंदा नावाच्या गावात जन्मलेला हा माणूस आधी हिंदीत लिहीत होता. मग गावातच बसून मारवाडीत लिहायचं त्यानं ठरवलं. लोकांच्या तोंडच्या बाता ऐकायच्या आणि आपल्या रीतीनं पुन्हा सांगायच्या. १९६० मध्ये लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारींबरोबर त्याच गावात 'रूपायन' ही संस्था काढली. 'बातां री फुलवाडी' या गोष्टींच्या संग्रहाचे चौदा खंड झाले, १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१३ मध्ये गेले तेही बोरुंद्यातच. आणि हे सगळं लिहिलं, जी भाषा आजही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, तिच्यात. त्यांच्या चौकात कोण हुंकारा देत असेल, असं सारखं मनात येतं. पुढच्या आठवड्यात माडसाब मला तिथे नेणार आहेत, जोधपूरला बस बदलून.

हे वाचून तुला वाटेल, आई भाळली. तसं नाही. धाकट्या सुनेचा हुंकारा चौकापुरताच आहे. सासरे खाकरले की तो बंद होतो. गावात मांगणियार, म्हणजे पिढीजात गाणारे लोक, गायला आले तर त्यांचं कमायचा हे तंतुवाद्य ऐकून डोळे पुसणारी माणसं त्यांना ओसरीच्या आत घेत नाहीत. माझ्या डोळ्यांना हे दिसतं. मी बोलत नाही, आणि न बोलण्याची लाजही वाटते. शिवाय मी पडले पाहुणी. मालकिणीचा मुलगा चिडवतो, "आंटीजी कुरजांबरोबर आल्या, कुरजांबरोबर जाणार." खरंच आहे. मार्चात त्या उडतील आणि माझंही आरक्षण झालंय.

एक सांगायचं राहिलं. दसऱ्याला आपण कुंडीतल्या ज्या शमीला नमस्कार करतो ना, ती इथे खेजडी. मोठी झाडंच्या झाडं. पाला जनावरांना, शेंगांची भाजी, आणि उन्हाळ्यात सावली म्हणाल तर तीच. पन्नास वर्षं मी तिला एका फांदीएवढीच ओळखत होते. बाबांना सांग, कुंडी बदला म्हणावं.

आठवं प्रकरण संपत आलंय. रविवारी रात्री नऊला फोन कर, वाचून दाखवते. मध्येमध्ये "हं" म्हणत राहा. आणि दुसरीकडे मोबाइलवर बोट फिरवत म्हटलंस तर मला कळेल, सांगून ठेवते.

तुझी,
आई