सूचना : गच्चीवरचा झेंडा बदलण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गच्चीवरचा तिरंगा जळगावच्या उन्हाने विटला आहे, कडेने उसवलाही आहे. असा झेंडा फडकवणे ध्वजसंहितेत बसत नाही. रविवारी सकाळी ८ वाजता तो उतरवून नवा लावू. नवा ३:२ प्रमाणातलाच, पण पॉलिस्टरचा आहे. २०२१च्या दुरुस्तीपासून तो चालतो आणि पावसात टिकतो. खादीवाल्यांनी रागावू नये.

मुलांनाही आणा. गेल्या खेपेला एकीने हिरव्या पट्ट्याचा अर्थ विचारला, तेव्हा आम्ही मोठे एकमेकांकडे पाहत राहिलो. २२ जुलै १९४७ला घटना समितीत राधाकृष्णन यांनी तो सांगितला होता : केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्याच्या वाटेवरचा प्रकाश, हिरवा म्हणजे मातीशी, झाडापाल्याशी नाते. (केळीच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको!) २४ आऱ्यांचे चक्र म्हणजे गती. आपल्या फैजपूरला १९३६च्या काँग्रेस अधिवेशनात चक्राच्या जागी चरखा होता.

उतरवलेला झेंडा कुणी पुसायला घेऊ नये. तो एकांतात, मानाने जाळायचा आहे. आणि बांधताना केशरी वर, गाठ दोनदा बघा.