खालच्या मजल्यावरच्या काकूंना

ती. काकूंस सा. न.

जिन्यात भेटतो तेव्हा तुमच्या हातात भाजीची पिशवी असते आणि मला लोकल गाठायची असते. म्हणून तुम्ही शिकवलेल्या काजूच्या दुधाबद्दल हे लिहून काढतोय.

मी कोल्हापूरचा. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्यांतला. त्या माणसाला चाळिशीत डॉक्टर सांगतात, की दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य तुमच्या आतड्यात कमी पडतंय, दूध बंद. दुधाचं एक वेळ सोडा, पण चार वाजताचा चहा गेला! कोरा चहा मला काढ्यासारखा लागतो.

तुम्ही मात्र हसलात. ‘‘नारळाचो रस काढतत मां सोलकढीक? मगे ह्या काय वेगळा?’’ आणि वेंगुर्ल्याहून आलेल्या काजूची पिशवी पुढे केलीत. अख्खे काजू नाहीत, पाकळी. वाटायचेच तर अख्ख्याचे पैसे कशाला, हा तुमचा हिशोब.

त्याआधी मी बदामावर हात भाजून घेतले होते. रात्रभर भिजवा, सालं काढा, वाटा, पंचातून पिळा, आणि हाती येणार पांढरट पाणी. काजूला गाळणंच नाही. वाटीभर पाकळी चार तास भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या चार वाट्या पाण्यात गुळगुळीत वाटायची, चवीला मिठाची कणी. चहासाठी पाणी तीनच वाट्या.

तरी माझा पहिला चहा फाटला. दुसराही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः वर आलात आणि ओट्याशी उभ्या राहिलात. उकळत्या चहात हे दूध ओतायचं नाही, हे तेव्हा कळलं. चहा गाळून मिनिटभर थांबायचं, दूध वेगळं कोमट करायचं आणि मग एकत्र करायचं. उकळायचं तर मुळीच नाही. काजूत पिठूळपणा असतो, खिरीसारखं घट्ट होतं. (मी तेही करून पाहिलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं.) फ्रिजमध्ये पाणी आणि साका वेगळे झाले म्हणून मी एक बाटली ओतून दिली, तेव्हा तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही. आता बाटली हलवून घेतो आणि तीन दिवसांत संपवतो.

आणखी एक तुम्ही बजावलंत, ते बरं केलंत. हे दुधासारखं दिसतं, पण म्हशीच्या दुधातलं कॅल्शियम यात नाही. तेव्हापासून सकाळी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी सुरू आहे. बदामाचा उरलेला चोथा थालीपिठात गेला.

रविवारी आई येतेय. ‘‘काजूचं कसलं दूध?’’ असं फोनवर दोनदा म्हणून झालंय तिचं. आधी चहा द्यायचा, मग सांगायचं, असं ठरवलंय. चार वाजता तुम्हीही वर या. सांगायच्या वेळी तुम्ही शेजारी असलात तर बरं.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा